उतारवयातील आठवणी
(शताब्दी समारंभातील भाषण)



आपल्या सराफ्याची रूपे दोन. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या. रात्री त्या मिटल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे जिलबी, गराडू आणि भुट्ट्याचा कीस. माझी आई उतारवयात रात्रीच्या सराफ्याविषयीच बोलत असे. एकदा तिच्या ट्रंकेत पाटल्या गहाण ठेवल्याची जुनी पावती सापडली. विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, "अरे, त्याच रात्री तुझ्या वडिलांनी आम्हां सर्वांना जिलबी खाऊ घातली होती." पावती तिच्यापाशीच राहिली होती, म्हणजे पाटल्या सुटल्या नव्हत्या. त्याविषयी मात्र ती अवाक्षर बोलली नाही.

तिने सत्य लपविले काय? मला तसे वाटत नाही. चार्ल्स, मॅथर आणि कार्स्टेन्सन या अमेरिकन संशोधिकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तरुणांना, प्रौढांना व वृद्धांना सुखद, दुःखद आणि सामान्य चित्रे दाखविली. सुखद चित्रांच्या मानाने दुःखद चित्रांची आठवण वयाबरोबर उणावत गेलेली दिसली. कार्स्टेन्सन यांची मीमांसा अशी की, पुढचा काळ थोडा उरला आहे ही जाणीव झाली की मन समाधान देणाऱ्या गोष्टींकडे वळते. पुढील काही प्रयोगांत लक्ष दुसरीकडे वेधले असता हा कल टिकला नाही. म्हणजे हा केवळ विसराळूपणा नव्हे. मन त्यासाठी श्रम घेत असते. अर्थात, प्रत्येक वृद्धाला हे साधतेच असे नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पतीचे धर्मांतर, त्यामुळे आलेला वियोग, ओढगस्त, सारे त्यांत आहे. पण कडवटपणा नाही. दुःख नोंदले गेले आहे, त्याचा डंख मात्र उतरला आहे.

म्हणून आपल्या ग्रंथालयाला माझी एक सूचना आहे. वडीलधाऱ्यांच्या आठवणी अवश्य लिहून घ्याव्यात. परंतु घरोघरीची पत्रे, हिशेबाच्या वह्या आणि पावत्याही मागून घ्याव्यात. नुसत्या आठवणींवर विसंबल्यास गेलेल्या पिढीने काय सोसले ते कळणार नाही. नुसत्या कागदांवर विसंबल्यास तिने ते कसे पचविले ते कळणार नाही.

आईची ती पावती मी आज ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. तिच्यासोबत जिलबीची हकीकतही नोंदवून ठेवावी, एवढीच विनंती.