बायकांनी बायकांना सांगितलेली यंत्रं

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरातल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या सत्राचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर ‘महिला आणि तंत्रज्ञान’ असं छापलंय. असं नाव वाचलं की आपल्यापैकी बऱ्याचजणी मनातल्या मनात म्हणतात, हे काही आपलं काम नाही, हे मुलाला विचारायचं. म्हणून सुरुवात मिक्सरपासून करू.

मिक्सर घेताना तुम्ही कोणाला विचारलंत? जाहिरातीला नाही. शेजारणीला विचारलंत, बहिणीला विचारलंत. सुकं खोबरं वाटलं जातं का, भांड्याचं झाकण गळतं का, बिघडला तर दुरुस्त करणारा जवळपास आहे का? ही यंत्राची परीक्षाच आहे, आणि ती घेण्यात आपला हात धरणारं कोणी नाही. साठच्या दशकात मुंबईत मधुरी माथुर यांच्याकडचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्याकडच्या वाटणांपुढे टिकला नाही. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर इंजिनिअर होते. त्या अडचणीतून जास्त ताकदीची मोटर असलेला ‘सुमीत’ मिक्सर तयार झाला आणि पुढे घरोघरी पोचला. म्हणजे यंत्र कुठे कमी पडतं हे वापरणाऱ्या बाईला कळलं, म्हणून यंत्र सुधारलं.

फोनच्या बाबतीत मात्र आपण हा हक्क सोडून दिलाय. फोन कोणता, त्यात काय घालायचं, काय काढायचं, हे दुसरंच कोणीतरी ठरवतं. म्हणून आज मी कंपन्या काय सांगतात ते बोलणार नाही. वस्त्यांमध्ये, बचत गटांत, केंद्रावर बसल्यावर बायका एकमेकींना जे सांगतात, ‘हे वापर गं, बरं पडतं’ म्हणतात, तेवढंच मांडणार आहे. आणि त्यातला धोका कुठे आहे, तेही.

त्याआधी दोन आकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींकडे स्वतः वापरतात असा मोबाईल होता. २०१५-१६ मध्ये हा आकडा ४६ होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका १०० मागे ३३, पुरुष ५७. हे आकडे काही वर्षांपूर्वीचे आहेत, आज ते वाढलेले असतील. पण वस्तीत काम करणाऱ्या तुम्हाला माहीत आहे, की ‘घरात फोन आहे’ आणि ‘बाईकडे फोन आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता बायकांची यादी.

पहिलं नाव येतं ते व्हॉट्सॲपवरच्या आवाजी निरोपाचं. बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. ही सोय २०१३ पासून आहे. शिकलेल्या लोकांना तिचं फार कौतुक वाटत नाही, कारण त्यांना लिहिता येतं. पण जिला अक्षरओळख नाही, तिला चिठ्ठी लिहून देणारा, वाचून दाखवणारा कोणीतरी लागत होता. माहेरी कळवायचं दुःखसुद्धा तिसऱ्याच्या तोंडून जात होतं. तिला स्वतःचा निरोप स्वतःच्या आवाजात, मध्ये कोणी न येता पाठवता आला. साक्षरतेची गरज त्यामुळे संपत नाही, पण साक्षर होईपर्यंत बाईने गप्प बसायचं कारणही उरत नाही.

दुसरं, बोलून मराठी लिहिणं. गूगलच्या कीबोर्डवर माइकचं चित्र असतं. कीबोर्डच्या भाषांमध्ये मराठी घेतली की ते दाबून बोलायचं, अक्षरं उमटतात. मराठीत ही सोय २०१७ साली आली. तक्रारअर्जाचा पहिला खर्डा, बैठकीचा वृत्तांत, मनात आलेलं चार ओळींचं काही, हे सगळं असं लिहिता येतं. चुका होतात, नावं तर हमखास चुकतात. म्हणून एकदा वाचून घ्यायचंच.

तिसरं, गूगल लेन्स. इंग्रजी कागदावर कॅमेरा धरला की त्याचं मराठी भाषांतर पडद्यावर दिसतं. कर्जाचा कागद, कोर्टाची नोटीस, शाळेचं पत्र नेमकं कशाबद्दल आहे, एवढं त्यातून कळतं. सही करण्यापूर्वी तेवढं कळणंही मोठं असतं. मात्र औषधाचं प्रमाण आणि कायद्याची कलमं त्याच्या भरवशावर ठरवायची नाहीत. तिथे माणूसच विचारायचा.

चौथं, पैसे. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. भाजीवाल्या मावशी सांगतात, बोलणारा डबा चांगला. गिऱ्हाईक ‘पाठवले हो’ म्हणून निघून जात नाही, किती पैसे आले ते डबाच ओरडून सांगतो. साध्या फोनवाल्यांसाठी *९९# आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. आणि २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. एक नियम मात्र प्रत्येक गटात पाठ करून घ्या: पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना पिन कधीही लागत नाही. कोणी म्हणालं, ‘तुमचे पैसे जमा करतो, पिन टाका,’ तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लाज धरून बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे पुढे सरकतात.

इथेच मला थांबून एक प्रश्न विचारायचाय. मावशींच्या हातगाडीवर जो क्यूआर चिकटवलाय, तो कोणाच्या खात्याचा? उन्हातान्हात भाजी विकणार त्या, ‘इतके रुपये प्राप्त झाले’ हे ऐकणार त्या, आणि पैसे मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्यात? पूर्वी निदान गल्ला कमरेच्या पिशवीत असायचा. चार-दोन नोटा बाजूला काढून मुलीच्या वह्या घेता यायच्या. यंत्र आलं आणि ती पिशवीही गेली, असं व्हायला नको. मी हे घाबरवायला सांगत नाही. क्यूआर नावावर करून घेणं अवघड नाही. बाईचं स्वतःचं खातं, त्याला जोडलेलं तिचं सिम आणि फोन हवा. तेवढं काम गटाने अंगावर घ्यावं.

पाचवं, डिजिलॉकर. हे सरकारी ॲप २०१५ पासून आहे. आधार, गुणपत्रिका, वाहन परवाना असे कागद त्यात ठेवता येतात, आणि ज्या खात्याने कागद दिला त्याच्याकडूनच तो त्यात आलेला असेल तर मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरला जातो. आपल्या कामात याचं मोल वेगळंच आहे. घर सोडून आलेल्या किती बायका अंगावरच्या साडीनिशी येतात! कागद सासरी कपाटात, कपाटाची किल्ली सासूकडे. शाळेचा दाखला नाही म्हणून नोकरी नाही, ओळखीचा पुरावा नाही म्हणून खोली नाही. कागद लॉकरमध्ये असले तर दुसऱ्याच्या फोनवरूनही उघडता येतात. पण डिजिलॉकर उघडताना आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. तो नंबर नवऱ्याचा असला, तर तिच्या लॉकरची किल्ली पुन्हा त्याच्याच खिशात. तेव्हा आधी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्यायचा, मग लॉकर. हा क्रम चुकवू नका.

सहावं, ११२. हा नंबर पाठ हवाच. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाचं बटण असावं असा सरकारी नियम आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं, स्मार्टफोनवर चालू-बंदचं बटण भराभर काही वेळा दाबायचं. प्रत्येक फोनची रीत थोडी वेगळी असते, म्हणून आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये आज रात्रीच बघून ठेवा. बायकांसाठीची १८१ ही हेल्पलाइनही सेव्ह करा. पण ती ‘महिला हेल्पलाइन’ या नावाने करायची की ‘शिवणक्लास’ या नावाने, ते जिचं तिने घर बघून ठरवायचं.

यावरून आपण फोनवरच्या पाळतीकडे येतो. ‘माझा नवरा फोन बघतो’ हे बायका फार सहज सांगतात, जणू ते लग्नात ठरलेलंच आहे. फोन हातात घेऊन बघणं एक झालं. पण हातात न घेताही बघता येतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ असतं. आपलं व्हॉट्सॲप आणखी कोणत्या कॉम्प्युटरवर किंवा फोनवर उघडं आहे, ते तिथे दिसतं. अनोळखी काही दिसलं तर तिथूनच बंद करता येतं. गूगल मॅप्सवर आपण कुठे आहोत हे कोणाला सतत दिसतंय का, तेही बघा. फोनमधल्या गूगल खात्याचा पासवर्ड दुकानदाराने टाकला की दिराने, ते आठवा. व्हॉट्सॲपमध्ये २०२३ पासून एखादं संभाषण कुलूप लावून बाजूला ठेवता येतं. कार्यकर्त्यांच्या आपापसातल्या बोलण्यासाठी काहीजणी सिग्नल वापरतात. ते ना-नफा संस्थेचं आहे आणि वापरणाऱ्यांची माहिती फार कमी साठवतं.

पण सावध! ज्या घरात मारहाण आहे, तिथे बाईने अचानक पासवर्ड बदलला, पाळतीचं ॲप काढून टाकलं, तर त्याच रात्री तिला मार पडू शकतो. ‘हे काढ, ते बंद कर’ असा सल्ला केंद्रावर बसून देणं सोपं असतं. आधी तिला विचारा: हे बदललं तर त्याला कळेल का? कळलं तर काय होईल? कधीकधी शहाणपण यातच असतं, की तो फोन जसाच्या तसा राहू द्यायचा आणि महत्त्वाचं बोलणं शेजारणीच्या फोनवरून करायचं.

पुराव्याचंही तसंच. धमकीचे निरोप रागाने पुसून टाकू नका. नुसता स्क्रीनशॉट काढून मूळ निरोप घालवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना सोबत प्रमाणपत्र लागतं. तेव्हा मूळ निरोप ज्या फोनवर आला तो फोन जपा, तो विकू नका, बदलून घेऊ नका, आणि वेळीच वकिलाला दाखवा. एक फोन आणखी: *#०६# दाबलं की फोनचा आयएमईआय क्रमांक दिसतो. तो वहीत लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर सरकारच्या संचार साथी सेवेवर तो बंद करून घेताना हाच क्रमांक लागतो. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत, तेही तिथेच कळतं.

आपल्या संघटनांच्या कामासाठी दोन गोष्टी सांगते. पत्रकं, अहवाल जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात, ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडले की नुसती चिन्हं दिसतात. वीस वर्षांच्या कामाचे कागद असे वाचता न येणारे होऊन बसतात. यापुढे सगळं युनिकोडमध्येच करा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेला ‘मुक्ता’ हा देवनागरी फाँट फुकट मिळतो आणि छपाईत सुबक दिसतो. आणि लिहिण्या-हिशेबासाठी लिबरऑफिस वापरा. तेही फुकट आहे आणि उचलेगिरी करून घ्यावं लागत नाही. वाचलेल्या पैशांत एखादीचा रिचार्ज होईल.

आता शेवटचा मुद्दा. यंत्र आवडलं नाही तर काय करायचं? २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी ते दाखवून दिलंय. त्यांना दिलेले सरकारी फोन जेमतेम २ जीबी क्षमतेचे होते, सारखे अडकायचे. नोंदी भरायचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत. दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या तुटपुंज्या मानधनातून. वरून काम झालं नाही की ठपका सेविकेवर. सेविकांनी ‘आम्हाला जमत नाही’ असं म्हटलं नाही. ‘हा फोन कामाचा नाही’ असं म्हणत त्यांनी हजारोंच्या संख्येने फोन सरकारला परत केले आणि मराठी ॲपची मागणी केली. पुढे त्या ॲपमध्ये मराठीसह इतर भाषा आल्या. वापरणाऱ्या बाईने दिलेला हा अभिप्राय होता. तो एकेकटीने दिला असता तर ‘बाईला फोन वापरता येत नाही’ एवढाच त्याचा अर्थ काढला गेला असता.

म्हणून माझी एकच सूचना आहे. प्रत्येक गटाने एक वही घालावी. बचतीची असते तशीच. कोणतं साधन, कोणतं ॲप कोणी वापरलं, काय बरं वाटलं, कुठे अडलं, किंमत किती, दुरुस्ती कुठे होते, हे त्यात लिहायचं. आणि प्रत्येक नोंदीसमोर तीन प्रश्न: हे कोणाच्या नावावर आहे? किल्ली, म्हणजे पासवर्ड, कोणाकडे आहे? आणि बिघडलं तर ती कोणाकडे जाणार? महिन्याच्या बैठकीत पाच मिनिटं ती वही मोठ्याने वाचायची. नवी बाई आली की तिला आधी ती दाखवायची.

आत्ता जेवणाआधी अर्धा तास आहे. जिच्याकडे फोन आहे तिने तो काढावा, जिच्याकडे नाही तिने शेजारणीजवळ बसावं. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ आणि संकटाचं बटण, एवढं आपण इथेच बघून घेऊ.