मुंबई ते लंडन : नऊ तासांचा हिशेब
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मुंबई आणि हीथ्रो यांमधील हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. येथून मुंबईस जाण्यास साधारण नऊ तास लागतात. येताना थोडा अधिक वेळ जातो, कारण उंचावरील वेगवान पश्चिमी वारे जाताना पाठीशी असतात, येताना समोर उभे राहतात. 4 ऑक्टोबर 1930 रोजी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने मुंबईहून निघाले, तेव्हा लंडन दोन आठवड्यांवर होते. जून 1948 मध्ये एअर इंडियाची मुंबई-लंडन सेवा सुरू झाली, तीही कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत. बोटीवर शरीराला रोज थोडे थोडे नव्या वेळेशी जुळते होता येई. आज साडेपाच तासांचा फरक (उन्हाळ्यात साडेचार) एका झोपेत अंगावर येतो.

शिवाय नऊ तास हा केवळ आकाशातला हिशेब. नागपूरकडील खेड्यातून निघालेली माउली बर्मिंगहॅमच्या घरी पोहोचेपर्यंत दिवस-रात्र उलटते, आणि त्यातला बहुतेक वेळ ती बसलेली असते. माझी खरी चिंता येथे आहे. आपले वडीलधारे शेजारच्या प्रवाशाला उठवायला संकोचतात. शौचालयास जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. हा भिडस्तपणा पायांना सोसत नाही. चार तासांहून अधिक प्रवासात पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली प्रसिद्ध केले. प्रमाण सहा हजारांत एक. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही. परंतु ज्यांचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे किंवा ज्यांना कर्करोग आहे, त्यांनी तिकिटापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. कोणाच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन घेऊ नये.

आई-वडिलांसाठी खिडकीची जागा मागू नका. ढग पाहण्याची हौस नातवंडांना असते. त्यांना मार्गिकेलगतची जागा द्या, अधूनमधून चालायला सांगा, बसल्या जागी घोटे हलवायला शिकवा.

मधुमेहींसाठी एक सूचना. पूर्वेकडे जाताना दिवस आखूड होतो, इकडे येताना लांबतो. त्यामुळे इन्सुलिनचे वेळापत्रक बदलावे लागू शकते. ते आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्सुलिन हातसामानातच ठेवा. विमानाच्या पोटातील सामानात ते गोठू शकते.

आणि घरी पोहोचल्यावर एकच पाय सुजला, दुखू लागला, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर 999 फिरवा. हा धोका विमानातून उतरल्यावरही काही आठवडे राहतो.