मुद्देमालाचा जाहीर हिशेब



चोरीचा गुन्हा उघडकीस आला की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात एक ठरावीक वाक्य छापून येते : आरोपीस अटक करण्यात आली व त्याच्याकडून अमुक लाखांचा मुद्देमाल हस्तगत करण्यात आला. सोबत टेबलावर मांडलेल्या दागिन्यांचे व मागे उभ्या असलेल्या पथकाचे छायाचित्र असते. वाचक पान उलटतो. परंतु ज्या घरातील मंगळसूत्र त्या टेबलावर असते, त्या घराला ते केव्हा परत मिळाले, मिळाले की नाही, हे सांगणारी बातमी क्वचितच छापली जाते. पोलिसांनी मालमत्ता ताब्यात घेतल्याचे सर्वांस कळते. तिचे पुढे काय झाले हे मात्र मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीत राहते. ती नोंदवही संक्षिप्त स्वरूपात का होईना, पण लोकांसमोर नियमितपणे यावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. जप्ती म्हणजे तात्पुरता ताबा. वस्तू पोलीस ठाण्याच्या खोलीत गेली म्हणून तिचा मालक बदलत नाही. ती सरकारजमा होते, म्हणजे कायद्याच्या भाषेत तिचे समपहरण होते, ते सक्षम न्यायालयाने अथवा प्राधिकाऱ्याने तसा आदेश दिल्यावरच. बोलण्यात व लिहिण्यात हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात आणि त्यामुळे जप्तीचा प्रत्येक आकडा शासनाच्या तिजोरीत पडलेली भर आहे, असा समज पसरतो. वास्तविक त्यातील पुष्कळसा माल फिर्यादीचा असतो. काही माल ज्याच्यावर गुन्हा कधीच शाबीत होत नाही अशा माणसाचा असतो.

मुद्देमाल दीर्घकाळ पडून राहिला म्हणजे काय होते, हे सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणांतून दिसते. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील एका महिलेच्या घरून चोरीस गेलेले दागिने पोलिसांनी शोधून काढले, परंतु ते पोलिसांच्या ताब्यातूनच नाहीसे झाले. १९७७ च्या निकालात न्यायालयाने त्यांची किंमत राज्य शासनाने त्या महिलेस द्यावी, असा आदेश दिला. गुजरातमधील एका प्रकरणात तर मूळ वस्तूंच्या जागी बनावट वस्तू ठेवल्याचा व मुद्देमालाचा परस्पर लिलाव केल्याचा आरोप पोलीस कर्मचाऱ्यांवरच होता. त्या प्रकरणी १ ऑक्टोबर २००२ रोजी न्यायालयाने घालून दिलेली रीत अशी : वस्तूंचा तपशीलवार पंचनामा करावा, छायाचित्रे घ्यावीत, योग्य हमी घेऊन वस्तू मालकाच्या स्वाधीन करावी, आणि पोलीस ठाण्यात ती पंधरा दिवस ते एक महिना यापेक्षा अधिक काळ ठेवू नये. वाहनांविषयी न्यायालयाने स्वतंत्रपणे लिहिले. कोणत्याही तालुक्याच्या पोलीस ठाण्याचे आवार पाहिले की ते का लिहावे लागले हे कळते. टायर बसलेल्या, वेली चढलेल्या मोटारसायकलींची रांग तेथे असते आणि त्यातील कित्येकींचे हप्ते मालकाने केव्हाच फेडलेले असतात.

अमली पदार्थांची कथा याहून गंभीर आहे. देशभरात जप्त झालेल्या साठ्याचे काय झाले, ही माहिती सर्वोच्च न्यायालयाने राज्यांकडून व केंद्रीय यंत्रणांकडून प्रश्नावली पाठवून मागविली. २८ जानेवारी २०१६ च्या निकालात त्या उत्तरांचा निष्कर्ष आहे. २००२ ते २०१२ या काळात जप्त झालेल्या अमली पदार्थांपैकी सुमारे १६ टक्क्यांचीच विल्हेवाट लागली होती. उरलेले ८४ टक्के कोठे आहेत, याविषयी केवळ तर्कच करता येईल, असे न्यायालयाने नमूद केले. जप्तीचे आकडे त्या दहा वर्षांत प्रसिद्ध होत नव्हते असे नाही. विल्हेवाटीचे आकडे कोणी विचारले नव्हते, आणि ते विचारण्यास देशाच्या सर्वोच्च न्यायालयास प्रश्नावली काढावी लागली. पुढे २०२२ मध्ये जप्ती, साठवण, नमुने व विल्हेवाट यांविषयी केंद्र शासनाने नवे नियम केले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात चोरीस गेलेल्या व हस्तगत झालेल्या मालमत्तेची किंमत राज्यवार दिलेली असते. हे अहवाल निश्चितच उपयुक्त आहेत. मात्र हस्तगत झालेली मालमत्ता आणि मालकास परत मिळालेली मालमत्ता या दोन निराळ्या गोष्टी होत. पहिलीच्या आकड्यावरून तपासाची कार्यक्षमता कळते; दुसरीवरून नागरिकाच्या पदरात काय पडले ते कळते.

काही ठिकाणी जाहीर हिशेबाची रीत बरीच पुढे गेली आहे. निवडणूक आयोगाचेच पाहा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत १८ मे पर्यंत ८,८८९ कोटी रुपयांची रोकड, मद्य, अमली पदार्थ व अन्य वस्तू पकडल्याचे आयोगाने प्रकारवार जाहीर केले. आयोगाच्या कार्यपद्धतीत सुटकेचीही सोय आहे. रोकड पकडली गेलेल्या सामान्य माणसासाठी जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची समिती असते आणि गुन्हा दाखल नसेल तर मतदानानंतर सात दिवसांहून अधिक काळ प्रकरण प्रलंबित ठेवता येत नाही. कांद्याची पट्टी घेऊन घरी निघालेल्या शेतकऱ्यास ही समिती आहे हे ठाऊक असते काय, हा प्रश्न वेगळा. सुटलेल्या रकमेचा आकडाही पकडलेल्या रकमेइतक्याच ठळकपणे छापला गेला, तर ते त्यास आपोआप ठाऊक होईल.

तस्करांच्या मालमत्तेचे समपहरण करणाऱ्या १९७६ च्या अधिनियमाखालील लिलावही जाहीर असतात. दाऊद इब्राहिमच्या मुंबईतील तीन मालमत्ता नोव्हेंबर २०१७ मध्ये ११ कोटी ५८ लाख रुपयांस गेल्या, हे सर्वत्र प्रसिद्ध झाले. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये जो अधिनियम केला, त्याखाली मालमत्ता जप्त करण्याचा आदेश शासन राजपत्रात प्रसिद्ध होतो. निवृत्तीची पुंजी बुडालेल्या ठेवीदाराची उत्कंठा मात्र त्यानंतरच्या टप्प्यांविषयी असते : विक्री झाली काय, किती रक्कम आली, वाटप केव्हा?

अमेरिकेत या विषयावर मोठा वाद आहे, पण त्याचे कारण निराळे आहे. तेथे जप्त मालमत्तेच्या विक्रीतून आलेल्या पैशाचा वाटा पोलीस खात्यांनाच मिळू शकतो. त्यामुळे जप्ती उत्पन्नासाठी तर होत नाही ना, अशी शंका घेतली जाते, आणि अनेक राज्यांनी वार्षिक अहवाल सक्तीचे केले आहेत. आपल्याकडे ठाणेदारास मुद्देमालापासून काहीच लाभ नाही. असतो तो केवळ जागेचा व जबाबदारीचा भार. येथील दोष लोभाचा कमी आणि विस्मरणाचा अधिक आहे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या विस्मरणास मुदती घातल्या आहेत. झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावयाचे आहे. कलम ४९७ प्रमाणे मालमत्ता न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत तिचे वर्णनपत्र तयार व्हावयाचे आणि छायाचित्रे निघाल्यावर तीस दिवसांत तिच्या विल्हेवाटीचा आदेश व्हावयाचा. कलम १०७ खाली गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता पीडितांना वाटून देण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांस साठ दिवस दिले आहेत. या मुदती पाळल्या जातात की नाही, हे प्रत्येक ठाण्याने तिमाहीस एक तक्ता प्रसिद्ध केला तरच दिसेल. तिमाहीच्या आरंभी शिल्लक किती, नव्याने जमा किती, परत किती, नष्ट किती, लिलावात किती व ती रक्कम कोठे भरली, आणि वर्षाहून जुने किती. प्राथमिक माहिती अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवण्याचा आदेश २०१६ मध्ये झाला; संवेदनशील गुन्हे वगळण्याची मुभाही त्यात आहे. तीच मुभा येथे ठेवता येईल. व्यक्तींची नावे अथवा सोने ज्या खोलीत आहे तिचा पत्ता छापण्याचे कारण नाही. कारकुनावर कामाचा बोजा वाढेल, ही अडचण खरी आहे व तिची तरतूद करावीच लागेल. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमात स्वतःहून प्रकट करावयाच्या बाबींत मुद्देमालाचा वेगळा उल्लेख नाही. तथापि नागरिकास अर्ज करावा लागू नये इतकी माहिती आपणहून द्यावी, हा त्या कलमाचा उद्देश स्पष्ट आहे.

ज्यांचा माल हस्तगत झाल्याचे कळले आहे त्यांनी मात्र या तक्त्याची वाट पाहू नये. संबंधित न्यायालयात अर्ज करावा. त्यावर गुन्हा नोंदणी क्रमांक व मुद्देमाल पावतीचा क्रमांक लिहावा. खरेदीची पावती, वाहन असल्यास नोंदणीपत्र व विम्याचे कागद, आणि ओळखपत्राची प्रत जोडावी. पावती नसल्यास दागिना अंगावर असलेले जुने छायाचित्रही मालकी दाखविण्यास साहाय्यभूत ठरू शकते. मालक अज्ञात असेल तर न्यायालय उद्‌घोषणा काढते, आणि तिच्या दिनांकापासून सहा महिन्यांच्या आत हक्क सांगावा लागतो.