आवाज भरून ठेवण्याची सोपी साधने
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि आपल्या आजीबाईंच्या तोंडची भजने संगणकात भरून ठेवायची, असे मंडळाने यंदा ठरविले आहे. त्यासाठी कोणते साधन सोयीचे, हे पाहण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे दिले होते. त्याचा हिशेब आज तुमच्यापुढे ठेवते.

गाणी वहीत उतरवून घेतली तर पुरे नाही का, असे काही जणींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी 1980च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुष्कळशा हाताने लिहून घेतल्या. पण 1990च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणही सुरू केले. का? तर कागदावर ओवी दोन ओळींत संपते. गाताना मात्र बाई शब्द फिरवून घेते, मध्येच ‘बाई’ म्हणून थांबते, ओढ देते. ती चाल कागदावर उतरत नाही. गी पॉइटवाँ 2004 साली गेले, हेमाताई 2010 साली गेल्या. त्या ओव्या मात्र ‘पारी’ या संकेतस्थळावर आजही ऐकता येतात.

आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. गाणी मुलींना थोडीफार येतात. ओव्यांचे तसे नाही. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि ओवी सत्तरी-ऐंशीच्या बायकांच्या गळ्यात तेवढी उरली. म्हणून घाई.

आता साधनांविषयी. एकच भजन मी तीन प्रोग्रॅममध्ये भरून पाहिले. तिन्ही विनामूल्य आहेत.

पहिला विंडोजबरोबर येणारा ‘साउंड रेकॉर्डर’. बटण दाबले की सुरू, पुन्हा दाबले की बंद. जिने संगणकाला कधी हात लावला नाही तिलाही पाच मिनिटांत जमेल. पण आवाज कापण्या-जोडण्याची सोय त्यात फारशी नाही.

दुसरा ‘ओसेनऑडिओ’, ब्राझीलमध्ये तयार झालेला. दिसायला सुटसुटीत. सुरुवातीची खाकरणी किंवा शेवटची बडबड काढून टाकायला मला हाच सर्वांत सोपा वाटला. मात्र पेटी एका पट्टीवर आणि गळा दुसऱ्या पट्टीवर, असे वेगवेगळे भरून एकत्र करता येत नाही.

तिसरा ‘ऑडॅसिटी’. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात 1999 साली त्याचे काम सुरू झाले. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. प्रथमदर्शनी बटणांची गर्दी पाहून छाती दडपते. पण आपल्याला लागतात ती चार-पाचच. आवाज किती मोठा येतो ते दाखविणारी हिरवी पट्टी त्यात ठळक दिसते. ती उणे 12 ते उणे 6 या आकड्यांच्या दरम्यान खेळती ठेवावी. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागून नीट शिवता येत नाही. आणखी एक ध्यानात ठेवावे. ‘सेव्ह’ केल्यावर होते ती त्याच प्रोग्रॅमची फाइल. इतरत्र वाजवायची तर ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते.

माझी शिफारस अशी, की मंडळाच्या संगणकावर ऑडॅसिटी ठेवावे, आणि घरी एकटीने भरणारीने साउंड रेकॉर्डर वापरावा. सारे ‘वेव्ह’ प्रकारात ठेवावे. एमपी-3 लहान असते खरे, पण लहान होण्यासाठी आवाजाचा काही अंश ती टाकून देते, आणि प्रत्येक वेळी नव्याने साठविताना आणखी टाकते. वेव्हमध्ये एका माइकचा एक तास सुमारे 318 एमबी होतो. म्हणजे 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर जवळपास 200 तास मावतात. जागेची चिंता नको. नातवंडांना पाठवायला एमपी-3 ची वेगळी प्रत काढावी.

एका गोष्टीबद्दल मात्र आग्रहाने सांगते. ऑडॅसिटीत पार्श्वभूमीची घरघर काढून टाकण्याची युक्ती आहे. पंख्यासाठी ती फार उपयोगी. पण जात्याची घरघर हीसुद्धा यंत्राच्या लेखी पंख्यासारखीच! ती काढली तर ओवीचा ठेकाच गेला. विंडोजमध्येही आवाज आपोआप ‘सुधारण्याची’ सोय असते. ती लांबलेल्या सुराला गोंगाट समजून दाबून टाकते. भरण्यापूर्वी ती बंद करावी. मूळ प्रत जशीच्या तशी ठेवावी, साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करावी. पंखा आणि कुकर तेवढा वेळ बंद ठेवला तर निम्मे काम तिथेच होते.

शेवटी, प्रोग्रॅम कोणताही असो, गाण्यापूर्वी गाणारीने आपले नाव, माहेरचे व सासरचे गाव आणि हे गाणे कोणाकडून शिकली, एवढे स्वतःच्या आवाजात सांगावे. नाव नसलेला आवाज वीस वर्षांनी कोणाचाच नसतो. आणि बाहेर कुठे ऐकवायचे तर तिला आधी विचारावे. कित्येक ओव्यांत सासुरवासाचे दुःख असते. ते तिचे आहे, आपले नव्हे.

येत्या भाद्रपदापूर्वी प्रत्येकीने आपल्या घरातल्या वा शेजारच्या एका तरी आजींचा आवाज भरून आणावा, अशी विनंती करते. दोन प्रती दोन घरांत राहतील. संगणक कसा चालवायचा ते दर शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत मी दाखवीन. गाणे कसे म्हणायचे ते मात्र आजींनीच शिकवावे.