मसवेल हिलच्या घरातली संघटना



या सभागृहात बसलेले बहुतेक जण चिटणीस आहेत, खजिनदार आहेत, पंच किंवा गुणलेखक आहेत. कुणी कबड्डीचं काम करतं, कुणी खो-खोचं, कुणी बुद्धिबळाचं. मी कॅरमचा माणूस. अध्यक्षाने आपल्या खेळावर बोलावं अशी आपली प्रथा आहे, पण आज मी ती मोडणार आहे आणि इंग्लंडातल्या डार्ट्सच्या संघटनेबद्दल बोलणार आहे. राष्ट्रीय संघटना कशी उभी राहते, कशी भरभराटीला येते आणि कशामुळे मोडते, हे सगळं त्या एकाच इतिहासात सापडतं. ज्या प्रश्नापाशी ती संघटना मोडली, तो प्रश्न आज आपल्याही दारात उभा आहे.

डार्ट्स हा इंग्लंडच्या पबमधला खेळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला एक नियम नव्हता, एक बोर्डही नव्हता. यॉर्कशायरच्या बोर्डावर तिप्पट गुणांचं कडं नसे. लंडनच्या पूर्व भागात ‘फाइव्ह्ज’ नावाचा बोर्ड चाले, त्यावर पाच, दहा, पंधरा आणि वीस एवढेच आकडे. मँचेस्टरचा बोर्ड लहान, त्यावरची आकड्यांची मांडणी निराळी. कुठल्या रेघेवरून फेकायचं हे ज्या त्या पबात ठरे. संजीवनी, गामिनी आणि अमर अशा तीन तऱ्हांनी खेळल्या जाणाऱ्या कबड्डीला एका नियमावलीत आणताना आपल्या पूर्वसुरींना किती खस्ता खाव्या लागल्या, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको.

१९२०च्या दशकाच्या मध्यात लंडनमध्ये नॅशनल डार्ट्स असोसिएशन स्थापन झाली. मागे बिअर कंपन्या आणि पबमालक होते. लीग सुरू झाली की आठवड्यातली एक संध्याकाळ गिऱ्हाइकांनी भरते, हा त्यांचा साधा हिशेब. १९२७-२८च्या मोसमात ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वृत्तपत्राने वैयक्तिक स्पर्धा सुरू केली. ती आधी लंडन भागापुरतीच होती, प्रवेशिका हजाराच्या आसपास. पण स्पर्धेत उतरायचं तर स्पर्धेचा बोर्ड आणि स्पर्धेचे नियम मान्य करावे लागत. १९३९मध्ये इझलिंग्टनच्या रॉयल ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये झालेल्या अंतिम सामन्याला साडेचौदा हजारांच्या घरात प्रेक्षक होते. तोवर आज आपण पाहतो तो वीस विभागांचा बोर्ड देशभर पसरू लागला होता. परिपत्रक काढून नियम एक होत नाहीत. ज्या स्पर्धेत खेळावंसं वाटतं, त्या स्पर्धेचे नियम माणसं आपण होऊन पाळतात.

त्या बोर्डाबद्दल थोडं सांगायलाच हवं. आधी तो एल्मच्या लाकडाचा असे. तो वाळून फुटू नये म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून ठेवावा लागे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला नोडोर कंपनीने घायपाताच्या धाग्यांचा बोर्ड आणला. आपल्या शेताच्या बांधावर असतं तेच घायपात. त्याचे धागे उभे, दाबून बसवलेले असतात. टोक दोन धाग्यांच्या मधे शिरतं आणि काढलं की भोक मिटतं. दुप्पट आणि तिप्पट गुणांची कडी जेमतेम आठ मिलिमीटर रुंद. वीसच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला पाच. मोठ्या आकड्याच्या मोहात हात जरा हलला की लगेच शिक्षा. ही मांडणी ज्याने केली त्याला मी मनापासून नमस्कार करतो. तो नक्की कोण, हे मात्र ठामपणे सांगता येत नाही. पुराव्याची तीच अडचण दुसरीकडेही आहे. डार्ट्स हा नशिबाचा नसून कौशल्याचा खेळ आहे, हे लीड्सच्या एका पबमालकाने १९०८ साली भर न्यायालयात बोर्डावर डार्ट फेकून सिद्ध केलं, अशी एक प्रसिद्ध गोष्ट आहे. या खेळाच्या सामाजिक इतिहासावर डॉक्टरेट केलेल्या पॅट्रिक चॅप्लिन यांनी कसून शोध घेतला, पण त्या खटल्याचा कागद त्यांना मिळाला नाही. म्हणूनच, आपापल्या संघटनेची जुनी इतिवृत्तं कुठल्या कपाटात आहेत, ती वाळवीने खाल्ली की शाबूत आहेत, हे इथून घरी गेल्यावर प्रत्येकाने पाहावं.

दुसऱ्या महायुद्धात ती पहिली संघटना विस्कटली. १९५४मध्ये नॅशनल डार्ट्स असोसिएशन ऑफ ग्रेट ब्रिटन उभी राहिली. पण खेळाला खरा कणा मिळाला तो १९७३च्या जानेवारीत. उत्तर लंडनच्या मसवेल हिल भागात ऑली क्रॉफ्ट नावाचे गृहस्थ राहत. घरचा टाइल्सचा व्यवसाय. त्यांच्या घरात ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशनचा जन्म झाला, आणि पुढची कित्येक वर्षं तिचं कार्यालय तेच घर राहिलं. पत्नी लॉर्ना बरोबरीने काम करत.

क्रॉफ्ट यांनी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा घटक, हा पाया धरला. आंतरकाउंटी सामन्यांसाठी पुरुषांच्या संघात बारा, महिलांच्या संघात सहा खेळाडू. प्रत्येक काउंटीची स्वतःची समिती, स्वतःची निवड, आणि प्रत्येक खेळाडूच्या सरासरीची नोंद. शनिवार-रविवारच्या या सामन्यांत फळ्याशी उभं राहून वजाबाकी करणारे, खुर्च्या लावणारे, बस ठरवणारे सगळे बिनपगारी होते. आपल्याला हे चित्र परकं नाही. कॉर्नवॉलच्या एखाद्या पबात चांगला फेकणारा मुलगा काउंटीकडून देशाच्या संघापर्यंत कोणत्या पायऱ्यांनी जाईल, हे क्रॉफ्ट यांनी पहिल्यांदा स्पष्ट केलं. १९७६मध्ये पंधरा देशांनी मिळून जागतिक महासंघ स्थापला. बोर्डाच्या मध्याची जमिनीपासून उंची १.७३ मीटर आणि रेघेचं अंतर २.३७ मीटर ही मापं सर्वत्र रूढ झाली.

१९७८मध्ये नॉटिंगहॅमच्या एका नाइट क्लबात पहिली जागतिक व्यावसायिक स्पर्धा झाली. वेल्सचा लेटन रीस जिंकला. प्रायोजक एम्बसी सिगारेट, प्रक्षेपण बीबीसीचं. पडद्याचे दोन भाग करून एकीकडे खेळाडूचा चेहरा आणि दुसरीकडे बोर्ड दाखवायची युक्ती निघाली आणि हा खेळ टीव्हीसाठीच जन्मल्यासारखा वाटू लागला.

त्या काळातला एक क्षण सांगतो. १९८३ची अंतिम फेरी. एका बाजूला माजी विश्वविजेता एरिक ब्रिस्टो, दुसऱ्या बाजूला पात्रता फेरीतून आलेला तेवीस वर्षांचा कीथ डेलर. सेट पाच-पाच. ५०१मधून गुण वजा करत बरोबर शून्यावर यायचं आणि शेवटचा डार्ट दुपटीच्या कड्यात किंवा मधल्या बुलमध्ये लागायला हवा, असा हा खेळ. ब्रिस्टोच्या हातात एक डार्ट होता आणि पन्नास उरले होते. मधल्या बुलवर लागला असता तर तो डाव तिथेच संपत होता. पण डेलरचे १३८ बाकी होते, ते तीन डार्टांत काही संपत नाहीत, असा हिशेब करून ब्रिस्टोने बत्तीसची सोय करून ठेवली. डेलरने वीसची तिप्पट, अठराची तिप्पट आणि बाराची दुप्पट लावली. साठ, चौपन्न, चोवीस. काउंटीची शिडी नसती, तर डेलरसारखा मुलगा त्या रेघेवर पोचला असता का?

ही झाली भरभराट. पण १९८०चं दशक संपता संपता टीव्हीवरच्या स्पर्धा एकेक करून गेल्या. हातात ग्लास आणि ओठांत सिगारेट घेतलेला खेळाडू प्रायोजकांना नकोसा झाला होता. वर्षाला जेमतेम एकच मोठी स्पर्धा पडद्यावर उरली. घरदार चालवणारे व्यावसायिक खेळाडू अस्वस्थ झाले, आणि १९९२मध्ये त्यांतल्या सोळा जणांनी स्वतःची परिषद काढली. ब्रिस्टो, जॉन लो, जॉकी विल्सन, फिल टेलर, डेनिस प्रिस्टली यांच्यासारखी नावं तीत होती.

इथे क्रॉफ्ट यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. टीव्हीचा पैसा सोळा जणांनी वाटून घेतला, तर काउंटीच्या सामन्यांना, मुलामुलींच्या स्पर्धांना कोण पोसणार? हा प्रश्न खोटा नव्हता. त्या जागी आपण असतो तर आपणही तोच विचारला असता. चूक झाली ती पुढच्या पावलात. १९९३च्या जानेवारीत संघटनेने या खेळाडूंवर सरसकट बंदी घातली. जागतिक स्पर्धा तर सोडाच, त्यांना आपल्या काउंटीकडूनही खेळता येईना. त्यांच्या प्रदर्शनीय सामन्याला जो पदाधिकारी हजर राहील, त्याच्यावरही कारवाई होणार होती. वर्षानुवर्षं ज्याच्या खांद्याला खांदा लावून आपण काउंटीसाठी खेळलो, त्याच्याबरोबर गावच्या क्लबात उभं राहणं हाच गुन्हा ठरला. ज्या पायावर क्रॉफ्ट यांनी घर बांधलं होतं, त्याच पायावर त्यांनी पहार चालवली. हे लिहितानाही मला त्रास झाला, कारण त्या माणसाच्या कष्टांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे.

सोळांपैकी दोघे परत गेले, चौदा राहिले. त्यांची पहिली स्वतंत्र जागतिक स्पर्धा १९९३च्या डिसेंबरअखेर पर्फ्लीटच्या सर्कस टॅव्हर्नमध्ये सुरू झाली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि ३० जून १९९७ रोजी तडजोड झाली. खेळाडूने कुठे खेळायचं हे खेळाडूच ठरवेल, हे संघटनेला मान्य करावं लागलं. साडेचार वर्षं आणि प्रचंड पैसा खर्चून जे लिहून द्यावं लागलं, ते पहिल्याच बैठकीत देता आलं असतं.

पुढचं थोडक्यात. नव्या परिषदेचं नाव प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन झालं आणि २००१मध्ये तिची धुरा बॅरी हर्न यांच्याकडे आली. जुन्या संघटनेच्या हातून एम्बसीचं प्रायोजकत्व २००३नंतर तंबाखूच्या जाहिरातबंदीमुळे गेलं. तरी एक गोष्ट तिच्या खात्यावर ठळक मांडली पाहिजे: २००१मध्ये तिने महिलांची जागतिक स्पर्धा सुरू केली आणि ट्रिना गलिव्हरने पहिली सलग सात विजेतेपदं घेतली. २०११मध्ये क्रॉफ्ट पतिपत्नी संचालक मंडळाबाहेर पडले ते मतदानाने. २०१९च्या नोव्हेंबरात ऑली क्रॉफ्ट वारले. पुढच्या जानेवारीत संघटनेची शेवटची जागतिक स्पर्धा रिकाम्या खुर्च्यांपुढे झाली, आणि २०२०मध्येच संघटना संपली. व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा आज भरते अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये, मसवेल हिलच्या अगदी शेजारी.

काउंटीचे सामने मात्र थांबले नाहीत. दुसऱ्या नावाखाली तीच माणसं ते चालवू लागली. २०२५च्या स्पर्धेत सतराव्या वर्षी विश्वविजेता झालेला ल्यूक लिटलर सेंट हेलेन्सच्या स्थानिक डार्ट्स अकादमीत घडला. आपला नितीन कुमार २०१९च्या स्पर्धेत त्याच अलेक्झांड्रा पॅलेसच्या मंचावर उभा राहिला. भारतात या खेळाला काउंटीसारखी घट्ट वीण नसताना तो तिथवर गेला, हे विशेष.

आता आपल्याकडे वळतो. खाजगी लीग आल्या आहेत, आणखी येतील. त्यांत खेळलेल्या मुलामुलींना जिल्हा संघातून वगळण्याची भाषा आपल्या बैठकांत ऐकू येते. उत्तेजक द्रव्य, सामना विकणं, पंचावर हात टाकणं, यांसाठी बंदी हवीच, आणि कडक हवी. राज्य अजिंक्यपद स्पर्धेच्या तारखा लीगवाल्यांनी मोकळ्या ठेवाव्यात, असा आग्रहही आपण धरला पाहिजे. पण दुसऱ्याच्या मैदानावर पाय ठेवला एवढ्यासाठी कुणालाही आपल्या जिल्ह्यापासून तोडण्याचा अधिकार संघटनेला असता कामा नये. प्रत्येक संघटनेने आपल्या घटनेत हे लिहून घ्यावं आणि कार्यकारिणीत खेळाडूंनी स्वतः निवडलेला, मताचा अधिकार असलेला एक प्रतिनिधी घ्यावा, असा ठराव मी दुपारच्या सत्रात मांडतो आहे. मसुद्याच्या प्रती प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांचा विरोध आहे त्यांना आधी बोलू द्यावं, अशी माझी सत्राच्या संचालकांना विनंती आहे.