निवृत्तिनाथांचा शोक आणि हेरवाडचा ठराव



कोल्हापूरची ही शाहूपुरी राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसवली. गुळाच्या या पेठेत आज आपण या साहित्य संमेलनात मृत्यू, शोक आणि चेतना या विषयावर बोलायला जमलो आहोत. काहींना विषय जड वाटला, काहींना अशुभ. मला तो या जागेचाच वाटतो.

जून १९१८ मध्ये महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी रानडुकराच्या शिकारीत अपघाताने गेले. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. सून इंदुमतीदेवी अकरा-बारा वर्षांच्या. अशा मुलीचं पुढे काय व्हायचं, हे रूढीनं आधीच ठरवून ठेवलेलं होतं. महाराजांनी त्यांना सोनतळीच्या कॅम्पवर ठेवलं, सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली दिल्या, शिकवायची व्यवस्था केली. सुनेनं डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी होण्याआधीच, ६ मे १९२२ रोजी, ते स्वतः गेले. मुलगा गेल्यावर बापाच्या मनात कोणते प्रश्न उठले असतील ते असोत. हात घातला तो त्यांनी मागे राहिलेल्या मुलीच्या आयुष्याला. आजचं माझं सगळं म्हणणं या कृतीतून निघालं आहे.

मयताच्या घरी आपण जातो तेव्हा कुणीतरी वडीलधारा पहिल्या पाच मिनिटांत आत्मा अमर असल्याचं सांगतो. विज्ञान शिकलेला दुसरा कुणी सांगतो की हा निसर्गाचा नियम आहे. दोघांच्या सांगण्याचा अर्थ एकच, की आता रडू नका. या घाईविरुद्ध आपल्या भाषेतच फार मोठी साक्ष आहे. शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. नामदेवांनी तो प्रसंग अभंगांतून सांगितला आहे आणि त्यात निवृत्तिनाथ कोसळताना दिसतात. ते ज्ञानदेवांचे थोरले भाऊ, आणि गुरूही. देह जातो, आत्मा जात नाही, हे ज्या शिष्यानं ज्ञानेश्वरीत मराठीला समजावलं, त्याचे गुरू! आत्म्याचं अमरत्व त्यांना आणखी कोण शिकवणार होतं? तरीही ते रडले, आणि नामदेवांना त्यात त्यांच्या ज्ञानाची उणीव दिसली नाही. मृत्यूनंतर काय उरतं याचं उत्तर माहीत असणं आणि माणूस गेल्याचं दुःख होणं, या दोन गोष्टी एकाच काळजात नांदू शकतात. सातशे वर्षांपूर्वी आपल्या साहित्यानं हे ओळखलं होतं. आपण ते विसरलो, याची मला खंत वाटते.

विज्ञानानंही उत्तराची घाई करू नये, या अपेक्षेनं मी त्याच्याकडे पाहतो. २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये पिम व्हॅन लोमेल आणि सहकाऱ्यांनी हृदय थांबून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या ६२ जणांना त्या काळातला काही ना काही अनुभव आठवत होता. २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांनी, कसलीच जाणीव नाही असं समजल्या गेलेल्या एका तरुणीला टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितलं, आणि स्कॅनमध्ये तिच्या मेंदूचे हालचालीशी निगडित भाग निरोगी माणसासारखे उजळले. २०२३ मध्ये जिमो बोरजिगिन यांच्या गटानं व्हेंटिलेटर काढलेल्या चार रुग्णांपैकी दोघांच्या मेंदूत अखेरीला गॅमा लहरींची उसळी नोंदवली. ते दोघे परत आले नाहीत; त्यांना काय जाणवलं हे सांगणारं कुणी नाही. यातून आत्मा सिद्ध झाला असं सांगत फिरणं हा विज्ञानावरही अन्याय आहे आणि अध्यात्मावरही. पण डोळे मिटून पडलेल्या लेकराशी तासन् तास बोलणाऱ्या आईला आता कुणी वेडी म्हणू नये, एवढं तरी ओवेन यांच्या प्रयोगानं केलं.

आणि शोक? त्याला आपल्याकडे नेहमी माणसांची सोबत लागली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते. पंचगंगेच्या स्मशानभूमीसाठी कोल्हापूरकर शेणी दान करतात. ज्याचं नावही ठाऊक नाही त्याच्या चितेला आपला वाटा. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, मग दिवसकार्य, मग वर्षश्राद्ध; शोकाला असा वर्षभर वेळ. रोगांच्या जागतिक वर्गीकरणात आता लांबलेल्या शोकाच्या विकाराची नोंद आहे आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे. ज्याचं जगणंच थांबलं त्याला उपचार मिळालेच पाहिजेत. पण सहा महिन्यांनी डोळे पाणावणारा प्रत्येक जण रोगी नव्हे, आणि समाजाच्या रीतीभाती लक्षात घ्या असं ते वर्गीकरणही बजावतं.

मात्र याच रीतींनी बाईला सोबत दिली नाही. नवरा गेल्यावर तिच्या हातातल्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हा शोक नव्हता, शिक्षा होती. कोविडच्या काळात ही शिक्षा अनेक घरांत झाली. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर या प्रथा लादू नयेत असं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं. आपल्या जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दोन दिवसांनी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा दिवस होता. १७ मे रोजी राज्य सरकारनं परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता गिरवायला सगळ्या ग्रामपंचायतींना सांगितलं. ठरावानं मन लगेच बदलत नाही, हे मला कळतं. तरी मृत्यूवरच्या शंभर प्रवचनांपेक्षा मी तो ठराव मोठा मानतो.

आता लेखक म्हणून आपल्या वाट्याचं काम. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं मेंदूस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला. चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून तो ठरवायचा. पण अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या असलेल्या बापाला दिसतं काय? छाती वरखाली होते आहे, हात गरम आहे. त्याला सांगायचं की मुलगा गेला, आणि लगेच अवयवदानाचं विचारायचं. हे सांगायला डॉक्टरकडे बहुधा अर्धी इंग्रजी, अर्धी घाबरलेली मराठी असते. कथा-कविता लिहिणाऱ्यांनी डॉक्टर, परिचारिका आणि या प्रसंगातून गेलेली घरं यांच्यासोबत बसावं आणि त्या दारात बोलता येईल अशी मराठी तयार करावी. बापाला समजेल, त्याला घाई करणार नाही, आणि ‘नाही’ म्हणायची मोकळीक देईल अशी. या संमेलनाच्या ठरावांत आणखी एका ठरावाला जागा असेल, तर तो या कामाचा असावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे.