शुक्रवारची यादी

मैत्रिणींनो, सल्ला केंद्रात समोर आलेल्या बाईचं ऐकण्यात दिवस जातो आणि न आलेली बाई वहीतच राहून जाते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा. त्याचं कलम १२ सांगतं, पहिली सुनावणी साधारणपणे ३ दिवसांत ठेवायची आणि तिथून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न दंडाधिकाऱ्यांनी करायचा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. तेव्हा साठावा दिवस आपणच मोजायचा.

आम्ही ही मोजणी मोबाईलवरच्या टूडूइस्टकडे सोपवली आहे. ‘थांबलेल्या केसेस every Friday’ असं, वार इंग्रजीत ठेवून, एकदाच लिहायचं. काम झाल्याची खूण केली की तेच काम पुढच्या शुक्रवारी आपोआप समोर येतं. तारीखच न घातलेली कामं चाळणी लावून वेगळी काढता येतात. बाया हरवतात त्या इथेच! नाव मात्र लिहू नका, केस नंबर पुरे. फोन घरात कुणाच्याही हाती जातो, कार्यकर्तीचासुद्धा.

आणि यादी वाचायला दोघी बसा. एकटीनं वाचली की अवघड केस हळूच पुढच्या शुक्रवारवर ढकलली जाते. तीनदा ढकललेली केस आम्ही सरळ बैठकीत घेतो.